मोटारीची निगा : मुंबईच्या रस्त्यांवरील एक शतक

निगा आणि दुरुस्ती हे दोन शब्द मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात आणि मोटारीच्या इतिहासात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. दुरुस्ती म्हणजे बिघडलेली वस्तू पुन्हा चालती करणे. निगा म्हणजे ती बिघडूच नये म्हणून रोज, आठवड्याला आणि ऋतूगणिक घेतलेली काळजी. मोटारीचा इतिहास लिहिताना कारखाने, परवाने, मॉडेले आणि नामांकित मालक यांची तपशिलाने नोंद होते, परंतु गाडी दारात आल्यानंतर ती चालती ठेवण्यासाठी चालकाने काय केले, कोणत्या हत्यारांनी केले आणि ते तो कोणाकडून शिकला, याची नोंद क्वचितच आढळते. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ मध्ये आल्या आणि त्यांच्या मालकांमध्ये जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे मोटार हे असे यंत्र होते की ज्याला माणसाचा हात रोज लागावाच लागे. तेल, पाणी, हवा आणि ठिणगी या चार गोष्टींवर नजर ठेवण्याची ही विद्या मुंबईचा दमट वारा, सह्याद्रीचे घाट, चार महिन्यांचा पाऊस आणि टंचाईचा काळ यांतून घडली, आणि म्हणूनच ती परदेशी पुस्तिकांमधून उतरवलेली विद्या उरली नाही.

मोटार आली तेव्हा श्रीमंत घरात वाहनाची देखभाल करणारी माणसे आधीपासूनच होती. व्हिक्टोरिया किंवा खासगी बग्गी बाळगणाऱ्या घराला कोचवान लागे, आणि घोड्याला खरारा करणारा, दाणावैरण पाहणारा, नाल ढिली झाली का हे तपासणारा मोतद्दारही लागे. पागेच्या जागी मोटारखाना आला तरी कामाची घडी तीच राहिली : पहाटे वाहन धुऊन-पुसून तयार ठेवायचे, परत आल्यावर त्याचा शीण पाहायचा आणि मगच दार लावायचे. फ्रेंच भाषेत मोटार चालवणाऱ्याला मिळालेले ‘शोफर’ हे नाव मुळात भट्टी पेटवणाऱ्याचे आहे, कारण वाफेच्या गाड्यांमध्ये तेच त्याचे मुख्य काम होते. मुंबईत मात्र हा शब्द रुजला नाही. रेल्वेमुळे आधीच परिचित झालेला ‘ड्रायव्हर’ हाच शब्द मोटारीवरही चढून बसला.

पहिल्या पिढीच्या मोटारींची निगा किती कष्टाची होती, याची कल्पना आजच्या चालकाला सहज येणार नाही. आज इंजिनातील तेल तळाच्या टाकीतून पंपाने वर चढते, सर्व फिरत्या भागांना भिजवते आणि पुन्हा तळाशी येते. त्या काळच्या अनेक गाड्यांत मात्र काचेच्या नळीतून तेलाचे थेंब एकेका बेअरिंगवर पडत आणि काम झाल्यावर ते जळून किंवा रस्त्यावर गळून संपून जात, त्यामुळे थेंब ठीक पडत आहेत ना हे चालत्या गाडीत पाहणे हे चालकाचे कामच होते. दिवे कार्बाइडचे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळे, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात साचलेला चुन्याचा लगदा खरवडून काढल्याशिवाय दिवा पुन्हा लागत नसे. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या संख्येने बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाची पातळी पाहण्यासाठी इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल येऊ नये आणि खालच्या तोटीतून यावे, म्हणजे पातळी बरोबर, असा हिशेब असे, आणि तो करण्यासाठी चालकाला जमिनीवर आडवे व्हावे लागे.

इंजिन सुरू करणे हीदेखील निगेचीच एक परीक्षा होती. पुढे लोखंडी हँडल घालून ते फिरवावे लागे आणि ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई, ज्यात मनगट मोडण्याचे प्रकार जगभर घडत. म्हणून हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे घेणे आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरणे, या दोन गोष्टी नव्या चालकाला सर्वांत आधी शिकवल्या जात. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला आणि ‘सेल्फ स्टार्टर’ या नावाने जगभर पसरला. मराठीत त्या नावाचा पहिला अर्धा भाग तेवढा उरला. आजही गॅरेजमध्ये ‘सेल्फ मारून बघ’ असे म्हटले जाते.

असाच, आणि अधिक रंजक, इतिहास ‘स्टेपनी’ या शब्दाचा आहे. सुरुवातीच्या मोटारींची चाके सहज काढता येत नसत, त्यामुळे हवा गेली की रस्त्याच्या कडेलाच पोलादी पट्ट्यांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर काढणे, तिला ठिगळ लावणे, ती पुन्हा आत बसवणे आणि हातपंपाने हवा भरणे हे सर्व सोपस्कार करावे लागत. १९०४ मध्ये वेल्समधील लानेथ्ली या गावी टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी आरे नसलेली एक कडी तयार केली, जिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला असे आणि जी हवा गेलेल्या चाकाला बाहेरून चिमट्यांनी आवळता येई. त्यांचे दुकान त्या गावातील स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून या चाकाला स्टेपनी हे नाव मिळाले. पुढे संपूर्ण चाकच काढता-घालता येऊ लागल्यावर ही युक्ती मागे पडली आणि ब्रिटनमध्ये तो शब्दही लोकांच्या तोंडून गेला. भारतात मात्र तो जादा चाकाचे नाव म्हणून टिकून राहिला. घोड्याबैलांच्या नालांचे खिळे आणि बाभळीचे काटे विखुरलेल्या रस्त्यांवर स्टेपनीची गरज दर प्रवासात भासे, आणि ज्या वस्तूवाचून अडते तिचे नाव लोक विसरत नाहीत, हेच बहुधा त्याचे कारण असावे.

टायरभोवती निगेचे एक छोटे शास्त्रच उभे राहिले. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधणे, भोकाभोवतीची जागा घासून खरखरीत करणे, सोल्युशन लावून ते वाळू देणे आणि मग ठिगळ दाबणे किंवा गरम पॅच मारणे हे पंक्चरवाल्याचे काम; पण टायर वाचणे हे चालकाचे काम. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असेल तर मध्यभागी झिजतो, आणि एकाच कडेला झिजला तर चाकांची दिशा बिघडलेली असते, हे ज्याला ठाऊक तो टायरवर हात फिरवूनच गाडीचे दुखणे ओळखत असे. हवेचे माप आजही ‘पौंड’ असेच सांगितले जाते. ते दर चौरस इंचावरील पौंडांच्या दाबाचे संक्षिप्त रूप आहे, आणि मापन दशमान पद्धतीवर जाऊन अनेक दशके लोटली तरी पंपावरील माणूस आणि गिऱ्हाईक या दोघांची भाषा बदललेली नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटार हळूहळू संस्थानिक आणि पेढीवाले यांच्याकडून डॉक्टर, वकील, कंत्राटदार यांच्याकडे आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि मुंबईच्या रस्त्यांवर अमेरिकी गाड्यांची संख्या वाढली. याच काळात पेट्रोल पंपाला जोडून गाडी धुण्याची आणि ग्रीसिंगची सोय होऊ लागली. ग्रीसिंग म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे किंगपिन, पाट्यांच्या स्प्रिंगांच्या कड्या असे अनेक भाग त्या काळी उघडे असत आणि धूळ-पाण्याने त्यांतील वंगण निघून जाई. म्हणून प्रत्येक सांध्यावर एक निप्पल, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी बारीक तोटी असे, आणि दाबाच्या पिचकारीने तिच्यातून नवे ग्रीस आत ढकलून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत पिचकारी मारत राहावे लागे. एखादे निप्पल विसरले तर तो सांधा कुरकुरू लागे आणि पुढे स्टिअरिंगच ढिले पडे. इंजिनातील तेलाच्या डब्यावरचा आकडाही याच काळात ओळखीचा झाला : आकडा मोठा तितके तेल घट्ट, हा त्याचा साधा अर्थ. तेल गाळणारा फिल्टर अमेरिकेत १९२३ मध्ये आला, पण तो सर्व गाड्यांत पोहोचायला वेळ लागला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, दांडीवरचे तेल दोन बोटांत चोळून त्यातील कण आणि त्याचा चिकटपणा पाहणे हीच तेलाची कसोटी होती.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले आणि अनेक गाड्यांना, विशेषतः गावोगाव फिरणाऱ्या सर्व्हिस मोटारींना, मागे कोळशाची भट्टी बसवण्यात आली. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून तयार होणारा वायू इंजिनात सोडला जाई. त्यासाठी पहाटे भट्टी पेटवणे, राख काढणे, वायू गाळणारे डबे धुणे ही कामे वाढली, आणि गाळणी चुकली की राखेने इंजिनाचे पिस्टन खरवडून निघत. शोफर या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे भट्टी पेटवणारा, चार-पाच वर्षांपुरता इथल्या क्लीनरच्या वाट्याला असा आला.

मुंबईच्या मोटारनिगेचा खरा सुवर्णकाळ मात्र स्वातंत्र्यानंतरचा आहे, आणि तो टंचाईतून आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना नुसत्या गाड्या जोडता येणार नाहीत, असे धोरण १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी मुंबईतील काम बंद केले. कुर्ल्याची फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढीच खासगी मोटारींची निवड पुढची तीन दशके उरली. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हाती असलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवणे ही सर्वसाधारण गोष्ट होती, आणि गाडीची निगा हा कुटुंबाच्या संसारखर्चाचा आणि रविवारच्या सकाळचा एक ठरलेला भाग झाला. पुढच्या गोलसर नाकामुळे मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली जुनी ११००, आणि तिच्यानंतरची, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी, या दोघींवर मुंबईच्या किमान दोन पिढ्या मोटार शिकल्या.

या गाड्यांच्या निगेचा गाभा म्हणजे ठिणगीची व्यवस्था. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण योग्य क्षणी पेटवण्यासाठी प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते, आणि तो क्षण ठरवणारी वस्तू म्हणजे ‘पॉइंट’ : डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचे दोन लहान धातूचे तुकडे, जे मिटतात आणि उघडतात व उघडण्याच्या क्षणी कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडतात. प्रत्येक उघडण्यात धातूचा अत्यल्प कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर एका तुकड्यावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ तयार होते, दोहोंमधील फट बदलते आणि सकाळी गाडी सुरू होईनाशी होते. यावरचा उपाय प्रत्येक फियाटवाल्याला पाठ होता : टोपीच्या दोन क्लिपा काढायच्या, बारीक कानसीने किंवा पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, आणि फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांच्या जुडग्याची, योग्य पाती घालून फट बसवायची. ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजली जाई आणि गॅरेजच्या भाषेत तिला ‘थाऊ’ म्हणत. अडीअडचणीला रस्त्यात काडेपेटीच्या घासणीनेही पॉइंट साफ केले जात. ते दीर्घकाळ टिकणारे काम नव्हते, परंतु घरी पोहोचण्यापुरते पुरे होते.

प्लग हे तर इंजिनाच्या प्रकृतीचे पत्रकच मानले जाई. भारतात १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ प्लग इतके रूढ झाले की अनेक वर्षे प्लग मागताना वेगळे नाव घेण्याची गरज पडली नाही. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहायचा : बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सर्व ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे कार्बोरेटर पाहावा लागणार, काळा आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून तेल वर चढते आहे, म्हणजे मोठा खर्च जवळ आला, पांढुरका असेल तर इंजिन तापते आहे. कोणत्याही उपकरणाशिवाय मिळणारी ही माहिती अचूक असे, आणि ती वाचता येणारा मालक गॅरेजमध्ये गेल्यावर बोलताना अडखळत नसे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलचे तुषार करून ते हवेत मिसळणारे उपकरण. त्यातील जेट नावाच्या केसाएवढ्या भोकांच्या पितळी तुकड्यांत टाकीतील गंज किंवा धूळ अडकली की गाडी धक्के देई. यालाच ‘कचरा आला’ असे म्हटले जाई, आणि जेट काढून तोंडाने फुंकणे हा त्यावरचा सर्वज्ञात उपाय होता.

बॅटरीची निगाही अशीच नियमित होती. शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या त्या बॅटरीतील पाणी उन्हाळ्यात उडून जाई, म्हणून सहाही टोपणे उघडून शिशाच्या पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. नळाचे पाणी चालत नसे, कारण त्यातील क्षार पट्ट्यांवर बसत. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुकटी सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलिनचे बोट फिरवणे हे काम बहुधा घरातल्या मोठ्या मुलाकडे येई, आणि कित्येकांची मोटारीशी पहिली ओळख त्या बोटभर व्हॅसलिनने झालेली असे.

एवढी काळजी घेऊनही इंजिन थकेच. मग येई ‘इंजिन काम’. हेड काढून पिस्टनच्या माथ्यावर आणि झडपांवर साचलेला कार्बन खरवडणे, झडपा त्यांच्या बैठकीवर घासून पुन्हा घट्ट बसवणे, आणि सिलिंडर झिजून अंडाकृती झाले असतील तर ते बोअर करून, म्हणजे किंचित मोठे कातून, मोठ्या मापाचे पिस्टन घालणे असे त्याचे टप्पे होते. बोअर दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस असा चढत जाई आणि पुढे धातू उरला नाही की आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या मापापासून सुरुवात होई. मूळ इंजिन एकच, पण त्याचे तीन-चार जन्म, असे मुंबईत सहज घडे. यासाठी लागणारा माल ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा आणि कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर जुना मिळे. पुण्यात नाना पेठ त्यासाठी प्रसिद्ध होती. अस्सल भाग आणि नक्कल यांतील फरक वजनावरून, कडेच्या सफाईवरून आणि खोक्याच्या छपाईवरून ओळखण्याची नजर मिस्त्रीकडे असे.

या मिस्त्रींविषयी इतिहासाने बाळगलेले मौन अन्यायाचे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम तिच्यातून शिकवला गेला, हे खरे. परंतु शहरातील बहुसंख्य गॅरेजमधले ज्ञान वहीत उतरले नाही. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या आधी पाने ओळखायला शिके, ‘दहा-अकराचा आण’ म्हटले की बरोबर तोच पाना आणून देई, मग नटबोल्ट रॉकेलमध्ये धुई, मग चाके काढी आणि कित्येक वर्षांनी त्याच्या हाती टॅपेटची फट बसवण्याचे काम येई, कारण ते कानाने करावे लागे. लहान मुलांच्या श्रमावर उभी असलेली ही पद्धत समर्थनीय नव्हती, आणि तरीही शहराच्या वाहनांचे आयुष्य दुप्पट करणारे कौशल्य तिच्यातूनच हस्तांतरित झाले, या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदवल्या पाहिजेत.

मुंबईच्या निगेला स्वतंत्र वळण दिले ते घाटाने आणि पावसाने. पुण्याला जाताना बोरघाटात आणि नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी ‘उकळणे’ ही इतकी नेहमीची बाब होती की पाण्याचा डबा बरोबर घेतल्याशिवाय कोणी निघत नसे. चढावर गाडी हळू पण इंजिन जोरात फिरते, म्हणजे उष्णता जास्त आणि रेडिएटरमधून जाणारी हवा कमी. त्यात पंख्याचा पट्टा सैल असेल किंवा नळाच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले असतील तर पाणी उकळणारच. अशा वेळी बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्यावी, झाकण लगेच काढू नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा होता आणि आजही आहे : बंद रेडिएटरमध्ये दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, परंतु झाकण काढताच दाब सुटतो आणि क्षणार्धात वाफ होऊन ते हातातोंडावर उसळते. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट लागत नाही, असा समज अनेक वर्षे रूढ होता. प्रत्यक्षात कूलंटचे दुसरे काम, म्हणजे आतील धातूला गंज आणि क्षारांपासून वाचवणे, इथेच अधिक गरजेचे होते, आणि हे लक्षात यायला फार उशीर झाला.

पावसाळ्याची तयारी मृगाच्या आधी होई. वायपरचे कडक झालेले रबर बदलणे, दारांच्या रबरी पट्ट्या पाहणे, गाडीच्या पोटाला गंजरोधक काळा थर देणे ही मेअखेरची कामे. समुद्राच्या खाऱ्या हवेत पायाखालचा पत्रा सडून त्यातून रस्ता दिसू लागण्याचे उदाहरण प्रत्येक गल्लीत असे. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचे, म्हणजे ड्रममधील ओले लायनर घर्षणाने सुकतात, हेही त्याच वर्षचक्रातले ज्ञान होते. चक्राचा शेवट खंडेनवमी आणि दसऱ्याला होई. खंडेनवमीला गॅरेजमधील पाने, जॅक आणि ग्रीसच्या पिचकाऱ्या धुऊन-पुसून पूजेला मांडल्या जात. दसऱ्याला धुतलेल्या गाडीला झेंडूची माळ आणि आंब्याचा डहाळा बांधला जाई. शस्त्रपूजेची जुनी परंपरा यंत्रापर्यंत अशी आली आणि वर्षातून एकदा तरी गाडीचा कानाकोपरा हाताखालून गेला पाहिजे, याची सोयही तिने करून ठेवली.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती गाडीची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. हलके इंजिन, नेमकी बांधणी आणि ठरावीक किलोमीटरनंतर अधिकृत केंद्रात कुपनावर होणारी सर्व्हिस यांमुळे रविवार सकाळचे काम पुस्तिकेतल्या तक्त्याकडे गेले. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्बोरेटर संपला. त्याच्या जागी संगणक ठरवील तितकेच पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धती आली. पॉइंट तर त्याआधीच जाऊ लागले होते. सांधे कायमचे ग्रीस भरून बंद झाले, बॅटरीची टोपणे गेली. पूर्वी निगा डोळा, कान, नाक आणि बोटे यांच्यावर चाले, आता ती आकड्यांवर चालते : इतके किलोमीटर, इतके महिने. हा बदल चालकाच्या हिताचाच आहे, कारण आजची गाडी रस्त्यात बंद पडण्याचे प्रमाण जुन्या गाडीच्या तुलनेत नगण्य आहे. परंतु जे भाग रस्त्याला लागतात आणि जे द्रव वाहतात ते अजूनही चालकाच्याच नजरेवर सोडलेले आहेत. दांडीवरची तेलाची पातळी, थंड इंजिनातील कूलंट, हवेतील ओलावा शोषून हळूहळू निकामी होणारे ब्रेक ऑइल आणि टायरवरची नक्षी यांना पर्याय आलेला नाही. भारतीय नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये.

जुने ज्ञान निरुपयोगी झाले नाही, हे २६ जुलै २००५ रोजी दिसून आले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या गाडीला पाणी ओसरल्यावर सेल्फ मारणे ही सर्वांत महागडी चूक होती, कारण हवा दाबली जाते पण पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते. आधी बॅटरीची तार काढायची, प्लग काढून पाणी बाहेर टाकायचे, सर्व तेले बदलायची आणि मगच किल्ली फिरवायची, ही जुन्या मिस्त्रीची रीत त्या पुरानंतर मुंबईभर नव्याने सांगितली गेली.

१९११ पासून मुंबईत मोटार टॅक्सी धावू लागली आणि सत्तरच्या दशकानंतर पद्मिनी हेच तिचे रूप झाले. अरुंद गल्लीत वळणारी आणि कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होणारी ही काळी-पिवळी कुर्ल्याचा कारखाना थंडावल्यानंतरही टिकली, ती दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या दोन चालकांच्या निगेवर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्याआधी तीन वर्षे, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारीत यापुढे स्टेपनी ठेवणे बंधनकारक नाही.